दमलेला वीर

आमच्या साताऱ्याच्या घरी माजघरातल्या फडताळात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असे. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सारी भावंडे दादा म्हणत असू, शाळेत इतिहासात पहिला आला तेव्हा त्याला ते बक्षीस मिळाले होते. प्राचीन ग्रीकांच्या वीरकथांचे ते पुस्तक. इंग्रजी आम्हा धाकट्यांना येत नव्हते. रात्री जेवणे आटोपून अंथरुणे पडली की कंदिलाच्या उजेडात दादा त्यातील एकेक कथा मराठीत सांगे आणि कथा संपली की चित्राचे पान उघडून आमच्यापुढे फिरवी. चित्राला बोट लावायचे नाही, एवढीच त्याची अट असे.

त्या चित्रांत मला एक चित्र फार आवडे. धिप्पाड अंगाचा एक पुरुष सिंहाच्या मानेला दोन्ही हातांनी विळखा घालून त्याचा गळा आवळीत आहे, सिंहाचे डोळे बाहेर आले आहेत आणि पुरुषाच्या चेहऱ्यावर मात्र श्रमाची एक रेषाही नाही. हा हर्क्युलिस. आमचा दादा अंगाने काडीसारखा. तरीही माझ्या मनात त्या चित्रातला पुरुष आणि दादा ही दोन माणसे हळूहळू एकच होऊन बसली, आणि त्याला कारणही तसेच घडले.

१९५४ साली आमचे वडील वारले. दादा तेव्हा वीस वर्षांचा होता व पुण्यास कॉलेजात शिकत होता. मी आठ वर्षांची होते. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि दादाने पुण्याहून आपली ट्रंक परत आणविली. महिन्याभरात तो एका कचेरीत कारकून म्हणून चिकटला. सकाळी दोन शिकवण्या, दिवसा कचेरी, संध्याकाळी पेठेतल्या एका व्यापाऱ्याचा जमाखर्च, आणि रात्री आमचा अभ्यास. आई, आम्ही चार भावंडे आणि एक विधवा आत्या, एवढ्यांचा संसार त्याने त्या काडीसारख्या खांद्यावर घेतला आणि त्याविषयी तो कधी चकार शब्द बोलला नाही. हर्क्युलिसला बारा अचाट कामे करावी लागली, अशी कथा आहे. माझ्या मधल्या भावाने एकदा बोटे मोजून हिशेब केला आणि जाहीर केले की दादाचीही कामे बरोबर बारा भरतात. त्या दिवसापासून घरात दादाच्या मागे आम्ही त्याला हर्क्युलिस म्हणू लागलो.

१९६० सालच्या आश्विनातली गोष्ट. शनिवार असल्याने कचेरी अर्ध्या दिवसाची होती. दुपारी दोनच्या सुमारास वाळलेले कपडे काढावयास मी परसात गेले, तो आडाजवळच्या धुण्याच्या दगडावर दादा बसलेला दिसला. अंगात कचेरीचा कोट तसाच होता. छत्री भुईवर पडली होती. कोपर गुडघ्यावर टेकून त्याने कपाळ तळहातावर ठेविले होते. तो रडत नव्हता, झोपलाही नव्हता. नुसता बसला होता. ज्या माणसाला मी सहा वर्षांत जेवणापलीकडे बसलेले पाहिले नव्हते, तो माणूस असा बसलेला पाहून माझ्या पोटात गोळा आला.

त्याला पाणी नेऊन द्यावे, असे माझ्या मनात आले नाही असे नाही. पण त्याहून आधी जे आले ते लिहिताना आजही लाज वाटते. मला राग आला. सिंह मारणाऱ्याने असे बसावयाचे नसते, अशा काहीतरी पोरकट भावनेने मी टाचा उचलून आल्या पावली मागे फिरले. कपडे वाळत राहिले. घटकाभराने दादा घरात आला, नेहमीसारखा हसून त्याने चहा मागितला, आणि त्या दुपारीविषयी आम्ही दोघे पुढे अडतीस वर्षांत एक अक्षरही बोललो नाही. १९९८ साली दादा गेला.

असो. पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले. ग्रीक वीरांची चित्रे आणि पुतळे पुस्तकांतून पाहण्याचा मला नादच लागला. आणि पाहता पाहता असे ध्यानात येऊ लागले की कथा एकच असली तरी प्रत्येक कलावंत त्या कथेतला आपला असा एक क्षण निवडीत असतो. कवीला आरंभापासून अखेरपर्यंत सारे सांगता येते. चित्रकाराच्या वा मूर्तिकाराच्या वाट्याला एकच क्षण येतो. तो कोणता घ्यावा, यातच तो त्या वीराकडे कसा पाहतो हे उघड होते.

हर्क्युलिस हे त्याचे रोमन नाव. ग्रीक त्याला हेराक्लीस म्हणत. देवांचा राजा झ्यूस हा त्याचा पिता आणि आल्कमीनी ही मानवी स्त्री त्याची माता. झ्यूसची पत्नी हीरा हिचा या मुलावर पहिल्यापासून रोष. तिने त्याला वेड लाविले आणि त्या वेडाच्या भरात त्याने स्वतःचीच मुले मारिली. या पातकाचे प्रायश्चित्त म्हणून त्याला युरिस्थिअस नावाच्या एका भित्र्या राजाची चाकरी पत्करावी लागली आणि त्या राजाने सांगितलेली बारा कामे पार पाडावी लागली, असा कथेचा प्रचलित क्रम आहे. जगातला सर्वांत बलवान पुरुष एका दुबळ्या धन्याचा हुकमी चाकर, ही त्यातील मुख्य गोम.

इ. स. पू. सहाव्या शतकात अथेन्सच्या कुंभारांनी तांबड्या मातीच्या भांड्यांवर काळ्या आकृती रंगवून व त्यांत टोकदार हत्याराने रेषा कोरून ज्या असंख्य कथा चितारल्या, त्यांत हेराक्लीस व सिंह ही जोडी पुनःपुन्हा येते. त्या लोकांना या वीराची थट्टाही वर्ज्य नव्हती. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात त्याच शतकाच्या उत्तरार्धातली एक पाण्याची घागर आहे. हेराक्लीस पाताळातला तीन तोंडांचा कुत्रा साखळीने ओढीत राजापुढे घेऊन आला आहे, आणि राजेसाहेब भीतीने एका मोठ्या रांजणात शिरून हात वर करून ओरडताहेत, असे ते चित्र. ते पाहून मला दादाचा एक वरिष्ठ आठवतो. तो स्वतः करावयाचे प्रत्येक अवघड काम दादाच्या टेबलावर लोटी आणि ते पुरे होऊन आले की घाबरून त्यावर सही करण्यासही तयार नसे.

त्याच लूव्हरमध्ये युफ्रोनिऑस या चित्रकाराचे एक मोठे भांडे आहे, सुमारे इ. स. पू. ५१० मधले. तोवर रीत उलटली होती. आता पार्श्वभूमी काळी आणि आकृती मातीच्या तांबूस रंगाच्या. त्यावर हेराक्लीस अँटिअस नावाच्या राक्षसाशी कुस्ती खेळतो आहे. राक्षसाचे केस पिंजारलेले, दात दिसताहेत, एक हात निर्जीव होऊन लोंबतो आहे. हेराक्लीसचे केस आणि दाढी मात्र नीटनेटकी विंचरलेली. या दोघांची कुस्ती पुढे सुमारे दोन हजार वर्षांनी फ्लॉरेन्सच्या पोल्लाइउओलोने जेमतेम दीड फूट उंचीच्या ब्राँझच्या मूर्तीत पुन्हा घडविली. अँटिअस हा पृथ्वीचा पुत्र. पाय भुईला लागले की त्याला नवे बळ येई. म्हणून हेराक्लीसने त्याला उचलून अधांतरी धरिले आहे आणि तो तोंड वासून किंचाळतो आहे. एवढ्याशा मूर्तीत केवढा जोर भरला आहे!

राजेरजवाड्यांना हा जोरच हवा होता. फ्लॉरेन्सच्या भर चौकात १५३४ साली बांदिनेल्ली या मूर्तिकाराचा संगमरवरी हर्क्युलिस उभा राहिला. त्याच्या स्नायूंचे उंचवटे एवढे की चेल्लिनी या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने त्या देहाला खरबुजांनी भरलेल्या पोत्याची उपमा दिली. स्पेनचे राजे तर हर्क्युलिसला आपल्या कुळाचा मूळ पुरुषच मानीत. माद्रिदच्या राजवाड्यातील दरबारी दालनासाठी झुर्बारान या चित्रकाराने १६३४ साली हर्क्युलिसच्या पराक्रमांची दहा चित्रे काढिली. ती आज प्राडो संग्रहालयात आहेत. कोठे सिंह, कोठे रानडुक्कर, कोठे बैल. जिकडे तिकडे झुंज. माझ्या लहानपणीच्या पुस्तकातले चित्र याच घराण्यातले होते. राजाला आपल्या पूर्वजात जे पाहावयाचे असते तेच बहुधा आठ वर्षांच्या मुलीला आपल्या भावात पाहावयाचे असते.

पण कलावंतांचे दुसरेही एक घराणे आहे. त्यांनी झुंजीचा क्षण सोडून दिला. अथेन्सचा एक्सेकियास हा त्यांतला फार जुना, इ. स. पू. ५३० च्या आसपासचा. ट्रॉयच्या युद्धात अकिलीस पडल्यावर त्याचे चिलखत व शस्त्रे कोणाला द्यावीत, असा वाद निघाला. एजॅक्स हा त्याच्या खालोखालचा वीर. पण मान मिळाला तो बोलण्यात पटाईत असलेल्या ओडिसियसला. अपमानाने एजॅक्सचे भान सुटले, शत्रू समजून त्याने मेंढरांचे कळप कापून काढिले, आणि शुद्धीवर येताच लाजेने आपल्याच तलवारीवर देह टाकिला. इतर चित्रकार तलवारीने भोसकलेला त्याचा देह दाखवितात. एक्सेकियासच्या भांड्यावर, जे आज फ्रान्समधील बुलोन येथे आहे, एजॅक्स अजून जिवंत आहे. तो उकिडवा बसून तलवारीची मूठ भुईत रोवतो आहे आणि तिच्याभोवतीची माती हाताने थोपटून घट्ट करतो आहे. रोप लावणारा माळी जसा माती दाबतो तशी. कपाळाला आठ्या आहेत. समोर त्याची ढाल आणि शिरस्त्राण उभे करून ठेविले आहे. दुसरे कोणी नाही. मी हे चित्र पुस्तकातच पाहिले आहे. परंतु त्या मातीवरच्या हातावरून माझी दृष्टी कितीतरी वेळ हलली नाही.

हेराक्लीसच्या वेडाचेही एक चित्र आहे. दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतीत राहणाऱ्या आस्तेआस नावाच्या चित्रकाराने इ. स. पू. चौथ्या शतकात ते काढिले. ते भांडे आज माद्रिदला आहे. घरातले सामानसुमान रचून त्याची होळी पेटविली आहे. हेराक्लीसने आपले मूल दोन्ही हातांवर उचलले आहे. त्याची पत्नी मेगारा डोक्याला हात लावून अर्धवट उघड्या दारातून पळते आहे, आणि वरच्या खिडकीतून त्याची म्हातारी आई हे सारे पाहते आहे. सिंह मारणारे हात ते हेच. हे चित्र एकदा पाहिले म्हणजे पुढची बारा कामे निराळी दिसू लागतात. तो पराक्रम राहत नाही. ते ओझे होते.

एवढे सारे पुस्तकांतून पाहून झाल्यावर २०१४ साली माझ्या मुलीच्या व जावयाच्या आग्रहावरून मला इटलीस जाण्याचा योग आला. दोघे तेथे नोकरीनिमित्त राहत होती. नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात फार्नेझ घराण्याने जमविलेले पुतळे आहेत. त्या दालनात पाऊल ठेविले आणि समोर तो उभा दिसला.

दहा फुटांहून उंच असा तो संगमरवरी पुरुष आहे. लिसिपस या ग्रीक मूर्तिकाराने, ज्याच्याकडून अलेक्झांडर आपले पुतळे करवून घेई, इ. स. पू. चौथ्या शतकात मूळ मूर्ती ब्राँझची केली होती. ती नष्ट झाली. तिच्यावरून सुमारे साडेपाचशे वर्षांनी ही प्रत रोममधील काराकाला बादशहाच्या स्नानगृहांसाठी झाली. अथेन्सच्या ग्लिकॉनने ती केली असे खडकावर त्याच्या नावानिशी कोरले आहे. १५४६ च्या सुमारास त्या स्नानगृहांच्या अवशेषांत ती सापडली, तेव्हा तिला पाय नव्हते. देल्ला पोर्ता या मूर्तिकाराने नवे पाय करून जोडिले. पुढे खरे पाय सापडले, तरी नवेच इतके सुबक की मायकेल अँजेलोच्या सल्ल्याने तेच राहू दिले, असे सांगतात. खरे पाय परत जोडले जावयास अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

पण हे सारे नंतर वाचलेले. त्या क्षणी मी पाहिले ते एवढेच की हा पुरुष दमला आहे. छाती, दंड, मांड्या सारे अचाट. पण तो स्वतःच्या बळावर उभा नाही. डाव्या काखेखाली त्याने आपले सोटे टेकविले आहे, सोट्यावर सिंहाचे कातडे टाकिले आहे आणि त्यावर सगळा भार देऊन तो रेलला आहे. मान खाली. डोळे भुईकडे. माझ्यासमोर आडाजवळचा धुण्याचा दगड उभा राहिला. मी तेथल्या बाकावर जाऊन बसले.

"आई, इकडे ये. मागून बघ," मुलीने हाक मारली. मी वळसा घालून गेले. समोरून पाहताना त्याचा उजवा हात पाठीमागे गेलेला दिसतो, एवढेच. मागे गेल्यावर कळते की त्या हातात तीन सफरचंदे आहेत. हेस्पेरिडीस अप्सरांच्या बागेतली ती सोन्याची फळे, अखेरच्या कामांपैकी एका कामाची कमाई. म्हणजे काम फत्ते होऊन गेले आहे. जिंकलेला माणूस असा उभा आहे आणि जे जिंकले ते त्याने पाठीमागे धरिले आहे.

गोल्ट्सियुस नावाचा एक डच कलावंत १५९१ च्या सुमारास रोममध्ये होता. त्याने या पुतळ्याचे एक चित्र ताम्रपटावर कोरले, आणि सर्व जग पुतळा समोरून काढीत असता त्याने तो पाठीमागून काढिला. आपल्या डोळ्यांसमोर ती प्रचंड पाठ आणि फळांची मूठ आहे. पुतळ्याच्या पलीकडे खाली दोन माणसे उभी राहून वर त्याच्या तोंडाकडे पाहताहेत. त्यांना थकवा दिसतो, आपल्याला फळे दिसतात. दोन्ही एका वेळी कोणालाच दिसत नाही.

परत आल्यावर साताऱ्यास गेले तेव्हा नेपल्सचे फोटो वहिनींना दाखविले, आणि बोलता बोलता चोपन्न वर्षांत जे कोणाला सांगितले नव्हते ते त्यांना सांगून टाकिले. वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, ती शनिवारची गोष्ट मला ठाऊक आहे. लग्नानंतर एकदाच बोलले होते ते."

दादाने बाहेरून बी. ए.च्या परीक्षेला बसावयाचे ठरविले होते. दोन वर्षे पैसापैसा बाजूला टाकून त्याने फी जमविली होती. अर्ज पाठविण्यासाठी त्या दिवशी तो कचेरीतून टपालात गेला. पण सकाळीच पुण्याहून मधल्या भावाचे पत्र आले होते, की कॉलेजची फी थकली आहे. खिडकीशी दादाने मनीऑर्डर केली ती त्या भावाच्या नावे. उरलेल्या पैशांतून माझी शाळेची फी भरली गेली. अर्ज खिशात तसाच राहिला. वहिनींनी उठून जुन्या पावत्यांचे बासन काढिले. त्यात तो होता. घडीवर पिवळा पडलेला, नाव आणि जन्मतारीख दादाच्या वळणदार अक्षरात भरलेली, सहीची जागा कोरी.

म्हणजे त्या दुपारी दादाच्या पाठीमागच्या हातात काय होते ते मला त्याच्या पश्चात सोळा वर्षांनी कळले. मी समोरून पाहिले होते. तेही क्षणभर, आणि रागाने.

यानंतर २०१८ साली मी ऑलिंपियास गेले. वय झाले होते, गुडघे कुरकुरत होते. पण तेथल्या झ्यूसच्या देवळावरील शिल्पे पाहिल्यावाचून मला राहवेना. हे देऊळ इ. स. पू. ४५७ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या पुढच्या व मागच्या बाजूस, आतल्या खांबांच्या वर, प्रत्येकी सहा अशा बारा चौकोनी शिळा होत्या. प्रत्येक सुमारे पाच फुटांची, प्रत्येकीवर हेराक्लीसचे एक काम. १८२९ साली फ्रेंच मंडळींनी उकरून काढलेले काही तुकडे पॅरिसला गेले. पुढे १८७५ पासून जर्मनांनी केलेल्या उत्खननात सापडलेले तेथल्याच संग्रहालयात आहेत.

पहिल्या शिळेवर सिंह आहे; पण तो मेलेला. त्याच्या अंगावर एक पाय ठेवून हेराक्लीस उभा आहे. अजून मिसरूडही न फुटलेला पोर तो. कोपर गुडघ्यावर आणि डोके हातावर. अकरा कामे अजून पुढे उभी आहेत आणि पहिल्याच कामानंतर तो असा दमला आहे! माझ्या पुस्तकातल्या चित्रकाराने, झुर्बारानने, अथेन्सच्या कुंभारांनी ज्या क्षणी रंग वा कोरणी हाती घेतली, तो क्षण उलटून गेल्यावर या अनामिक शिल्पकाराने आपली छिन्नी उचलली.

आणि तो एकटा नाही. त्याच्या शेजारी अथीना उभी आहे. देवता खरी, पण ढाल-भाल्याचा दिमाख नाही. एखादी मुलगी उभी असावी तशी ती त्याच्याकडे नुसती पाहते आहे. पुढे आणखी एका शिळेवर तो मारलेले पक्षी घेऊन येतो, तेव्हा ती खडकावर अनवाणी बसून हात पुढे करते. कामे जसजशी होत जातात तसतशी त्याला दाढी येते, चेहरा पोक्त होतो. मग येते ती सफरचंदांची शिळा. ती फळे आणावयास अ‍ॅटलास गेला, आणि तो परत येईतो त्याच्या माथ्यावरचे आकाश हेराक्लीसने पेलले, अशी कथा आहे. खांद्यावर घडी केलेली उशी घेऊन हेराक्लीस वाकून उभा आहे. समोर अ‍ॅटलास फळांनी भरलेले हात पुढे करून आला आहे. पण घेणार कसा? हात मोकळे कोठे आहेत? आणि त्याच्या पाठीशी अथीना. तिने आपला एक हात वर करून आकाशाला सहज लाविला आहे.

आपल्याकडे कृष्णाने गोवर्धन उचलला तेव्हा गोपांनी खाली आपल्या काठ्या लाविल्या. तेथे देवाचे ओझे आणि माणसांचा हातभार. येथे माणसाचे ओझे आणि देवतेचा. अथीनेने मनात आणले असते तर ते आकाश ती एकटी पेलू शकली असती, हे तिच्या ताठ, निवांत उभे राहण्यावरून दिसतेच. तिने तसे केले नाही. काम त्याचे होते. तिने फक्त हात लाविला.

अथीना ही झ्यूसचीच कन्या. म्हणजे नात्याने हेराक्लीसची बहीण. ही गोष्ट मी वर्गात मुलींना किती वेळा शिकविली असेल! त्या संग्रहालयात उभी असताना मात्र ती मला प्रथमच कळली. मी तेथे किती वेळ होते ते सांगता येत नाही. बंद होण्याची वेळ झाली, असे पहारेकऱ्याने खुणेने सांगितले तेव्हा बाहेर आले.

हेराक्लीस पुढे पूर्वेकडेही आला. बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा युथिडेमस याच्या नाण्यांवर, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, तो खडकावर सोट्याला हात लावून विसावलेला दिसतो. तेथून तो गांधारात उतरला; आणि गांधारच्या बौद्ध शिल्पकारांनी त्याला निराळेच काम दिले. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात गांधारचा एक शिल्पखंड आहे. त्यावर बुद्धाचा रक्षक वज्रपाणी आहे. पण त्याच्या डोक्यावर सिंहाचे कातडे असून त्याचे पंजे छातीवर गाठ मारून बांधले आहेत. हा आमचा जुना ओळखीचा. ज्याच्या पाठीशी कोणी उभे होते, तो येथे दुसऱ्याच्या पाठीशी उभा आहे.

दादाचे ते पुस्तक अजून आहे. त्याची बांधणी सुटली आहे आणि सिंहाच्या पानाचा एक कोपरा कसरीने खाल्ला आहे. त्या चित्रावर आता माझा राग नाही. ते खोटेही नाही, अपुरे आहे एवढेच. दादाने सिंह मारले, हे खरेच आहे. मारून झाल्यावर तो परसात जाऊन बसे, हेही खरे आहे.

साताऱ्याचे घर आता माझा पुतण्या सांभाळतो. वहिनींचे आजारपण, दोन मुलांची शिक्षणे, वाड्याची दुरुस्ती, आणि रोज लांबच्या नोकरीवर जाणे-येणे. रात्री घरी आला की बाहेरच्या पायरीवर बूट काढावयास बसतो आणि कधीकधी एक बूट काढून तसाच बसून राहतो. मी तेथे गेलेली असले म्हणजे पाण्याचा तांब्या घेऊन जाते, त्याच्याजवळ ठेविते आणि शेजारच्या पायरीवर बसते.

"आत्या, काही काम होतं का?" परवा त्याने दचकून विचारले.

"काही नाही रे. बसले आहे," मी म्हटले.

तो पाणी प्याला. दुसरा बूट काढावयाचा राहिलाच होता. तो तसाच राहिला, आणि आम्ही दोघे आणखी थोडा वेळ तेथे बसून होतो.